सोबतीला कोण आहे?

बँकेतील नोकरीची अखेरची दोन-अडीच वर्षे उरली होती, तेव्हाची गोष्ट. मी तालुक्याच्या गावच्या एका शाखेत होतो. दुपारी बाराच्या गर्दीत एक स्त्री आणि तिच्यासोबत शाळेच्या गणवेशातील एक मुलगी बचत खात्याच्या काउंटरसमोर येऊन उभ्या राहिल्या. स्त्रीच्या हातात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे पत्र होते. मुलीच्या नावे खाते उघडावे आणि मंजूर रकमेचा मोठा भाग तिच्याच नावे मुदत ठेवीत ठेवावा, असा त्याचा आशय. काउंटरवरील तरुण कर्मचाऱ्याने पत्र चाळले आणि नेहमीच्या सवयीने मोठ्या आवाजात विचारले, "ही रक्कम कशाबद्दल मिळाली?"

रांगेतील पाच-सहा माना वळल्या. मुलीने दप्तर छातीशी घट्ट धरले. आई म्हणाली, "सरकारी आहे, साहेब." मग त्याने फॉर्मवर वडिलांची सही मागितली. आई काहीच बोलली नाही.

मी दहा फुटांवर काचेच्या केबिनमध्ये बसलो होतो. समोर एका व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाचे कागद होते. काहीतरी अवघड चालले आहे हे मला दिसत होते. पण मी उठलो नाही. वीस मिनिटांनी त्या दोघींना आत बोलावले, तेव्हा कळले की खटला वडिलांविरुद्धच चालू होता.

यानंतरचा दोष त्या तरुणाचा नाही, माझा आहे. अज्ञान मुलाच्या खात्यासाठी आई पालक म्हणून चालते, ही रिझर्व्ह बँकेची सूचना मला ठाऊक होती. तरीही प्रकरण नाजूक आहे म्हणून 'वरच्या कार्यालयाला विचारून सांगतो' असे म्हणून मी एक आठवडा घालवला. त्या दोघी तीनदा आल्या. प्रत्येक वेळी आईची मजुरी बुडाली आणि मुलीची शाळा. खाते उघडले, ठेवीची पावती झाली. पावती देताना मी मुलीला विचारले, "कितवीत आहेस?" तिने उत्तर दिले नाही. आईच म्हणाली, "आता जात नाही साहेब. गणवेश आपला घालते."

सुज्ञ वाचकहो, हे लिहिण्यास इतकी वर्षे लागली, कारण पूर्वी मला वाटे की हा प्रश्न पोलिसांचा आणि न्यायालयाचा आहे. निवृत्तीनंतर थोडे वाचन केले, या क्षेत्रात काम करणाऱ्या दोन-चार मंडळींशी बोललो, तेव्हा लक्षात आले की कायद्याच्या पुस्तकात फारसे काही कमी नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून अमलात आहे. अठरा वर्षांखालील मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही तो लागू होतो. (मुलांच्या बाबतीत घरे अधिकच गप्प राहतात, हे जाता जाता नोंदवतो.) या कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा आणि शक्यतो महिला उपनिरीक्षक असावी. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचे नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने, मुलीचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत करायची. न्यायालयात मूल आणि आरोपी समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत, मुलाला वारंवार साक्षीला बोलवायचे नाही, आणि शक्यतो एका वर्षात खटला संपवायचा. तक्रार आल्यापासून 24 तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचे. मुलाची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

रुग्णालयाविषयीचा नियम तर प्रत्येक घरात माहीत असला पाहिजे. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा रुग्णास तत्काळ आणि विनामूल्य उपचार द्यायचे आहेत. 'आधी पोलिसांत जाऊन या' असे सांगून परत पाठवणे बेकायदेशीर आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा रोखणाऱ्या गोळीचा उपयोगही वेळेवरच अवलंबून असतो. घरातील वडीलधारी मंडळी 'काय करायचे' यावर दोन दिवस खल करीत बसतात, तेव्हा हे तास निघून जातात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2014 मध्ये या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मुलीची अप्रतिष्ठा करणारी जुनी 'टू फिंगर' चाचणी त्याज्य ठरवली. तरी ती चालूच राहिल्याने सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा खडसावावे लागले.

पैशाचीही व्यवस्था आहे. महाराष्ट्रात 2013 मध्ये मनोधैर्य योजना आली. पुढे तिची कमाल मर्यादा 10 लाख रुपयांपर्यंत वाढली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेत पीडित अज्ञान असेल तर भरपाईच्या 80 टक्के रक्कम मुदत ठेवीत ठेवावी, ती सज्ञान झाल्यावर पण किमान तीन वर्षांनी मिळावी, आणि व्याज दरमहा बचत खात्यात जमा व्हावे, असे म्हटले आहे. शिक्षण वा औषधोपचारासाठी प्राधिकरणाच्या संमतीने मधे रक्कम काढता येते. बँकेतल्या माणसाच्या नजरेने पाहिले तर ही मांडणी चोख आहे. मुद्दल सुरक्षित, व्याज हाताशी, नातेवाइकांचा हात लांब. परंतु व्याजाच्या खात्याचे पासबुक आणि एटीएम कार्ड प्रत्यक्षात कोणाच्या खिशात असते, हे कोणतेही परिपत्रक पाहू शकत नाही. मामा किंवा चुलते 'सांभाळायला' म्हणून कार्ड घेऊन गेल्याच्या तक्रारी शाखेत आम्ही इतर ठेवीदारांच्या बाबतीत नेहमी ऐकत असू. या मुलीच्या वतीने तक्रार करायला कोण येणार?

एवढे सगळे आहे, तर मुलगी शाळा का सोडते? माझे उत्तर एका हिशेबनिसाचे आहे. आमच्याकडे एखादे व्हाउचर चार टेबलांवरून फिरत असे. प्रत्येक टेबलावर काम चोख होई आणि तरी व्हाउचर हरवत असे. हरवे ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना. या मुलीच्या वाट्याला पोलीस ठाणे, रुग्णालय, दंडाधिकारी, बालकल्याण समिती, विधी सेवा प्राधिकरण, विशेष न्यायालय, बँक आणि पुन्हा शाळा अशी किमान आठ टेबले येतात. प्रत्येक टेबलावर ती नवखी असते आणि प्रत्येक ठिकाणी तिला तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते.

या दोन टेबलांमधल्या वाटेवर तिच्यासोबत चालणारा माणूस कायद्यानेच नेमून दिला आहे. नियमांत त्याला सपोर्ट पर्सन म्हणतात. आपण सोबती म्हणू. 2020 च्या नियमांनुसार बालकल्याण समिती त्याची नेमणूक करते. मुलीशी बोलणे, पुढे काय होणार हे तिच्या भाषेत सांगणे, रुग्णालयात आणि न्यायालयात बरोबर राहणे, भरपाईचा अर्ज पाहणे, शाळेशी बोलणे, आणि ऐकलेले गुप्त ठेवणे ही त्याची कामे. त्याचा मोबदला किमान वेतन कायद्यातील कुशल कामगाराच्या दराहून कमी नसावा, असेही नियमात आहे. तातडीच्या अन्न, वस्त्र, प्रवासखर्चासाठी समितीच्या शिफारशीने विशेष मदत मिळते आणि ती आठवड्याच्या आत द्यायची असते. ही तरतूद माहीत असणारा सोबती नसेल तर ती मागणार कोण?

उत्तर प्रदेशातील ललितपूर येथे 2022 मध्ये तेरा वर्षांच्या मुलीवर सामूहिक अत्याचार झाला, आणि तक्रारीसाठी ठाण्यात गेली असता ठाणेदारानेच अत्याचार केल्याचा आरोप झाला. या प्रकरणातून निघालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितले की सोबतीची गरज आहे की नाही हे पालकांच्या मर्जीवर सोडता येणार नाही. राज्याने तो उपलब्ध करून द्यायलाच हवा, त्याला प्रशिक्षण आणि योग्य वेतन दिले पाहिजे. ठाण्याच्या दारात त्या मुलीबरोबर तिचा स्वतःचा माणूस असता तर, हा विचार मनातून जात नाही.

केंद्राच्या वन स्टॉप सेंटर म्हणजे 'सखी' योजनेमागचा विचारही टेबले कमी करण्याचाच आहे. 2015 पासून निर्भया निधीतून ती राबवली जाते. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत निवारा एका छताखाली, अशी कल्पना. याआधीच, 2000-2001 च्या सुमारास, मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' हा विभाग सुरू केला होता. मार खाल्लेली स्त्री पोलिसांत जाईलच असे नाही, पण जखम झाली की दवाखान्यात येते. म्हणून मदतीचे टेबल तिथेच मांडायचे, हे त्यातले शहाणपण. पुढे हा विभाग अन्य रुग्णालयांतही गेला.

एक उणीव मात्र मला फार खुपते. मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली की बालकल्याण समितीची छाया सरते. एकोणीस वर्षांची, महाविद्यालयात शिकणारी, कदाचित लग्न ठरलेली मुलगी ही कायद्याच्या दृष्टीने सज्ञान स्त्री. परंतु घरात तिला कोणी सज्ञान मानत नाही. तिच्यासाठी सोबती नेमण्याची तशी सक्ती नाही. आपल्या घरांत अशा वेळी पहिला विचार साखरपुड्याचा होतो, दुसरा दुकानाच्या नावाचा. मुलीचा नंबर त्यानंतर लागतो. हे वाक्य कटू आहे, पण मी ते मागे घेणार नाही.

व्यापारी कुटुंबांसाठी आणखी एक बाब. दुकानातील नोकराची मुलगी, घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी, वसतिगृहातील विद्यार्थिनी यांच्याबाबत काही कानावर आले तर पोलिसांना कळवणे हे आपल्यावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचा वा कंपनीचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवील तर एक वर्षापर्यंत. पंच बसवून, दोन्हीकडे समजूत घालून हा गुन्हा मिटत नाही. तशी समजूत घालणारेच अडचणीत येतात.

आपले ट्रस्ट उदार आहेत, त्यांच्या ताळेबंदांचे लेखापरीक्षण मी स्वतः पाहिले आहे. खोली बांधायची असली की देणगी लगेच उभी राहते, कारण खोलीवर फरशी लावता येते. सोबत्याच्या बसभाड्यावर फरशी लागत नाही. मुलीचे नाव सांगता येत नाही, छायाचित्र छापता येत नाही, वार्षिक सभेत टाळ्या नाहीत. तरीही एखाद्या ट्रस्टने जिल्ह्यातील बालसंरक्षण कक्षाशी बोलून दोन प्रशिक्षित महिलांचा वर्षाचा प्रवासखर्च आणि मुलीसोबत येणाऱ्या आईची बुडालेली मजुरी एवढेच उचलले तर? आपल्या शाळांनी अशा मुलीला हजेरीची अट शिथिल करून, कारण न विचारता पुन्हा वर्गात बसवले तर? नोकरीत असलेल्या आपल्या मुला-सुनांनी बँकेत असा कागद समोर आला की रकमेचे कारण न विचारता दोघींना आत बसवून फॉर्म भरून दिला तर? रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या सूचनांनुसार दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे खाते स्वतः चालवण्याची परवानगी बँक देऊ शकते. अशा मुलीसाठी ही सोय मोलाची आहे.

फोनजवळ लिहून ठेवण्याजोगे तीन क्रमांक देतो. मुलांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181, विनामूल्य कायदेशीर मदतीसाठी 15100.

त्या मुलीची ठेव आता मुदतीस आली असेल, ती सज्ञानही झाली असेल. पावती घ्यायला ती कोणाबरोबर आली, हे विचारण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्या शाखेत सध्या असलेल्या अधिकाऱ्याला मी एवढे सांगून आलो आहे की असे पत्र घेऊन कोणी आले तर केबिनमधून उठून बाहेर यावे.