बाजारचं खोगीर आणि डावी रिकीब

आज टेबलावर दोन खोगिरं आहेत, तळहातावर मावतील एवढी. एक जमलेलं, एक वाया गेलेलं. वाया गेलेल्यापासून सुरुवात करतो.

सुट्टीत नात बंगळुरूहून आमच्याकडे महूला आली, ती ब्रेयरचा घोडा घेऊन. ही अमेरिकन कंपनी १९५० पासून असे घोडे बनवते. त्यातल्या मोठ्या घोड्यांचं प्रमाण खऱ्याच्या साधारण एक नवमांश. सोबत दुसऱ्याच दुकानातलं नरम प्लास्टिकचं खोगीर होतं, चॉकलेटी आणि चकचकीत. "आजोबा, हे खरं वाटत नाही," ती म्हणाली. मी फौजी माणूस. स्प्रे एनॅमलचा डबा उचलला आणि मारला. सुट्टी संपली तरी खोगीर बोटांना चिकटत होतं. नात काही बोलली नाही. जाताना घोडा घेऊन गेली, खोगीर ठेवून गेली.

चूक माझीच. प्लास्टिक नरम राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. ते एनॅमलमध्ये उतरतं आणि रंग वाळूच देत नाही. म्हणून आधी वाकवून पाहा. वाकलं, तर पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंगच घ्या आणि तोही आधी खालच्या बाजूला लावून दोन दिवस थांबा.

आता क्रम. भांड्यांच्या साबणाने, कोमट पाण्यात धुवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंगाचे पापुद्रे सुटतात. बारीक पॉलिश पेपरने चमक मारा. मग गडद तपकिरी रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळवून. जिथे चामडं घासतं, म्हणजे कडा आणि रिकिबीच्या पट्ट्याखालची जागा, तिथे जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग. शेवटी मॅट वार्निश.

पण रंगाने माप झाकत नाही. खऱ्या रिकिबीचा पट्टा साधारण इंचभर रुंद. नवाने भागलं की तीन मिलिमीटरही भरत नाही. दुकानातला पट्टा सहा मिलिमीटर निघाला, म्हणजे खऱ्या घोड्यावर दोन इंची! तो काढून जुन्या हातमोज्याच्या चामड्याची पट्टी लावली.

देहरादूनला अकादमीत उस्ताद स्वार होण्याआधी तंग आणि पट्टे हाताने तपासायला लावत. चामडं दगा देतं ते बकलापाशी, जिथे ते दुमडतं. रंगही तिथेच भेगाळतो. म्हणून पट्टा आधी बकलात अडकवा, मग रंगवा, आणि घडीत रंग सगळ्यांत पातळ ठेवा.

दुसरं खोगीर झाल्यावर नातीला फोन केला. विचारलं, "झीज कुठे दाखवू?"

"डाव्या बाजूला, आजोबा. चढतात तिथूनच ना?"

बरोबर. डावा पट्टा किंचित जास्त झिजवलाय. उद्या पार्सल करतो.