सेल विकले गेले, कचरा उरला

टॉर्चमध्ये घालायचा एव्हरेडीचा लाल सेल पूर्वी युनियन कार्बाइड इंडिया बनवायची. भोपाळच्या कीटकनाशक कारखान्याची मालकीणही तीच. १९८४ च्या डिसेंबरातल्या वायुगळतीनंतर तिच्या अमेरिकन मालकाला इथून पाय काढायचा होता. पण त्याचे ५०.९ टक्के शेअर भोपाळच्या न्यायालयाने १९९२ मध्ये जप्त केले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला परवानगी दिली, कोलकात्याच्या मॅक्लिऑड रसेलने ते घेतले आणि त्या पैशातून भोपाळ मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं. कंपनीचं नाव पुढे एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं.

अडचणीतली कंपनी दोन तऱ्हांनी घेता येते. यंत्रं, जागा, ब्रँड असं निवडून घेतलं, तर जुनी देणी सहसा विकणाऱ्याच्या गळ्यात राहतात. शेअर घेतले, तर अख्खं घरच घेतल्यासारखं: गच्चीची गळती आणि कोर्टातला दावाही पदरात. म्हणून जाणता गिऱ्हाईक आधी कागद चाळतो, मग भाव पाडतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने मंजूर योजनेतल्या खरेदीदाराला बहुतेक जुन्या देण्यांतून मोकळं केलं. खरेदीदार मिळायला ते हवंच. पण विषारी माती अशी कागदावर पुसता येते का, मला शंका आहे.

भोपाळच्या कारखान्याची भाडेपट्ट्याची जमीन १९९८ मध्ये मध्य प्रदेश सरकारकडे परत आली. २००१ मध्ये डाऊ या अमेरिकन रसायन कंपनीने युनियन कार्बाइडची अमेरिकेतली मूळ कंपनी घेतली, पण भोपाळची जबाबदारी नाकारली. तिथला ३३७ टन कचरा अखेर जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून जाळण्यासाठी मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला गेला. सरकारी बंदोबस्तात.