मोनार्क खिंड उतरताना

वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार म्हणजे स्थितिज ऊर्जा. हे सूत्र आम्ही नववीत पाठ केले, पुढे महाविद्यालयात शिकवलेही. परंतु ही ऊर्जा एवढी मोठी असू शकते, आणि ती कोठेतरी ठेवावी लागते, हे आम्हांला खऱ्या अर्थाने समजले ते २०१४ सालच्या ऑगस्ट महिन्यात, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या एका घाटात. निमित्त होते आमच्या मित्राने विकत घेतलेली १९५१ सालची शेवरोलेट ३१०० ही पिकअप गाडी.

आम्ही तेव्हा कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी एका प्रयोगशाळेत काम करीत होतो. मित्राला जुन्या यंत्रांचे वेड. ग्रँड जंक्शनजवळ पीचच्या बागा आहेत; तेथील एका वृद्ध बागाईतदाराने आपली गाडी विकायला काढली होती. ती घरी आणायची तर मोठ्या ट्रेलरवर चढवून आणणे हा शहाणपणाचा मार्ग होता, पण त्याचे भाडे गाडीच्या किमतीच्या जवळपास जाऊ लागले. तेव्हा ती चालवतच आणायची असे ठरले. अंतर सुमारे १,३०० किलोमीटर आणि वाटेत मोनार्क खिंड, समुद्रसपाटीपासून ३,४४८ मीटर उंच.

गाडी पाहिल्यावर प्रथम लक्षात आले ते हे, की तिच्यात काहीच झाकलेले नाही. बॉनेट उघडले की सहा सिलिंडरांचे एंजिन, एक कार्बुरेटर, एक डायनामो, आणि दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा. एंजिनाची शक्ती सुमारे ९० अश्वशक्ती. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना आजच्यासारखे दाबाखाली तेल मिळत नाही. रॉडच्या तळाशी असलेल्या लहानशा पळीने ते उडवून घेतले जाते. अशा एंजिनाला तासन्‌तास वेगाने पळवणे म्हणजे बेअरिंगे वितळवणे, म्हणून ताशी ७० किलोमीटर ही आम्ही आमची मर्यादा ठरवली. पेट्रोलची टाकी चालकाच्या पाठीमागेच, केबिनच्या आत! सीटबेल्ट अर्थातच नाहीत. जुन्या गाड्यांविषयी हळवे होणाऱ्यांनी एवढ्या दोन गोष्टी विसरू नयेत.

निघण्यापूर्वी एक दिवस आम्ही ब्रेकवर घालवला. ‘ब्रेक उत्तम आहेत’ असे मालकाचे म्हणणे होते, आणि सपाट बागेत ते होतेही. पण ब्रेकचे तेल काढले तर ते चहासारखे तपकिरी निघाले. हे तेल हवेतील बाष्प शोषून घेते. नव्या साध्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो. पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. नळीतले तेल उकळले की तेथे वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. मग पायाने दिलेला दाब चाकापर्यंत पोचण्याऐवजी बुडबुडेच आकसत बसतात. पास्कलचा नियम लागू पडण्यासाठी नळीत द्रव असावा लागतो, ही अट आपण वर्गात क्वचितच बोलून दाखवतो. शिवाय या गाडीत चारही चाकांना मिळून एकच नळीमार्ग आहे. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक गेले. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्याचे कारण हेच. आम्ही सगळे तेल बदलले. (ड्रम उघडताना आतली धूळ फुंकून उडवली नाही, ओल्या फडक्याने टिपली. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असते. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.)

पहिल्या दिवशी माँट्रोझ गावाच्या पुढच्या चढावर गाडी आचके देऊ लागली आणि बंद पडली. बाहेर तापमान ३५ अंशांच्या पुढे. टाकीत पेट्रोल होते, ठिणगी पडत होती, पण कार्बुरेटर कोरडा. पेट्रोलची नळीतच वाफ झाली होती. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असल्याने त्याला एकच उत्कलनबिंदू नाही. त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उडू लागतात. त्यात या गाडीचा पंप एंजिनाला चिकटलेला, आणि तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढणे म्हणजे नळीतला दाब कमी करणे, आणि दाब कमी केला की द्रव आणखी लवकर उकळतो. उंचीमुळे बाहेरचा दाबही कमी. आजच्या गाड्यांत पंप टाकीत बुडवलेला असतो आणि तो पेट्रोल पुढे ढकलतो. त्यामुळे नळीतला दाब वाढतो आणि हा त्रास होत नाही. आम्ही पंपाभोवती ओले फडके गुंडाळले. पंधरा मिनिटांत गाडी सुरू झाली. माठातले पाणी गार होते त्याच बाष्पीभवनाने आमची गाडी चालू लागली. नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावावेत असाही एक उपाय जुने लोक सांगतात. आम्ही तोही करून पाहिला. चिमटे शोभून दिसले, याहून अधिक काही झाले असे वाटत नाही.

मुक्काम गनिसन येथे. हे गाव थंडीसाठी प्रसिद्ध आहे, ऑगस्टमध्येही सकाळी हात गारठतात. स्टार्टर दाबला तर एंजिन कसेबसे अर्धा फेरा फिरून थांबे. बॅटरी चांगली होती, पण बॅटरीच्या तारा कोणीतरी बदलून आजच्या गाडीच्या, म्हणजे बारीक, बसवल्या होत्या. या गाडीची वीज ६ व्होल्टची आहे. १,२०० वॉट शक्ती हवी असेल तर १२ व्होल्टवर १०० अँपिअर प्रवाह पुरतो, ६ व्होल्टवर २०० अँपिअर लागतो. तारेचा रोध ०.००३ ओहम धरला तर पहिल्या बाबतीत तारेत ३० वॉट वाया जातात आणि दुसऱ्या बाबतीत १२० वॉट. प्रवाह दुप्पट, तोटा चौपट. शेतीच्या अवजारांच्या दुकानातून अंगठ्याएवढ्या जाड तारा आणून जोडल्या आणि गाडी लगेच सुरू झाली. दूरच्या वीजवाहिन्यांवर उच्च व्होल्टता का ठेवतात, हे शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

सार्जंट्‌स या वस्तीनंतर खरा चढ लागतो. रस्ता शंभर मीटरला सहा मीटर चढतो. वर जाता जाता हवा विरळ होते. खिंडीच्या माथ्यावर तिची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे सात दशांश उरते. सिलिंडर तेवढाच, पण त्यात मावणारा ऑक्सिजन कमी, म्हणून ९० अश्वशक्तीतून साठ-पासष्ट उरतात. मागून काळा धूर येऊ लागला तो निराळ्या कारणाने. कार्बुरेटर हवेचे वस्तुमान मोजत नाही. अरुंद गळ्यातून जाणारी हवा जो दाबफरक निर्माण करते त्याने पेट्रोल ओढले जाते, आणि हे पेट्रोल दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येते. हवेची घनता ०.७ पट झाली की हवा ०.७ पट येते, पण पेट्रोल मात्र ०.७ च्या वर्गमुळाएवढे, म्हणजे सुमारे ०.८४ पट. हवेच्या मानाने पेट्रोल जवळजवळ २० टक्के जास्त! ते अर्धवट जळते आणि काजळी होते. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरने धूर सोडीत, मागे गाड्यांची रांग घेऊन आम्ही माथा गाठला. तेथे पाणी सुमारे ८८ अंशांना उकळते, म्हणून रेडिएटरवर लक्ष ठेवावे लागले, पण त्याने दगा दिला नाही.

आता उतार. माथ्यापासून पोंचा स्प्रिंग्जपर्यंत १,१७० मीटर खाली यायचे. गाडी, आम्ही दोघे आणि सामान मिळून १,६०० किलो. गुणाकार केला तर सुमारे १८३ लक्ष जूल येतात. ही संख्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही, म्हणून दुसऱ्या रीतीने पाहू. एवढ्या उष्णतेने २० अंशांचे ५५ लिटर पाणी उकळीला येईल. चार ब्रेक ड्रमचे लोखंड प्रत्येकी १० किलो धरले आणि सगळी ऊर्जा त्यांतच राहिली असे मानले, तर त्यांचे तापमान सुमारे हजार अंशांनी वाढेल. गंमत अशी, की हीच ऊर्जा अर्ध्या लिटरहून थोड्या अधिक पेट्रोलात सामावलेली असते. पेट्रोल किती दाट ऊर्जेचा पदार्थ आहे, ते यावरून दिसते.

अर्थात सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जाऊ द्यायची नसते. सुमारे पाव हिस्सा टायर आणि बेअरिंगे खातात, थोडा हवा खाते. उरलेली खर्च करायला एंजिन आहे. पाय काढून घेतला की कार्बुरेटरची झडप मिटते, पिस्टनांना जवळजवळ निर्वातातून हवा ओढावी लागते, आणि हे काम चाके त्यांच्याकडून करवून घेतात. गिअर जितका खालचा तितके एंजिन जास्त फेरे फिरते आणि तितका रोध मोठा. खंडाळ्याच्या घाटातले आपले चालक सांगतात ना, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ते यासाठीच. आम्ही दुसरा गिअर टाकला आणि ताशी ३५ किलोमीटरने उतरू लागलो.

तीन-चार किलोमीटर ठीक गेले. मग खट्‌ असा आवाज झाला, एंजिनाचा घरघराट एकदम शांत झाला आणि गाडी मोकळी सुटली. गिअर आपणहून निसटला होता. कारण नंतर कळले. चढताना गिअरच्या दातांची एक बाजू भार घेते, उतरताना दुसरी. ही दुसरी बाजू ६३ वर्षांत झिजून तिरकी झाली होती, आणि तिरक्या पृष्ठभागावर भार पडला की त्याचा एक घटक गिअरला बाहेर ढकलतो. उतरंडीवर ठेवलेली वस्तू घसरते त्यातलाच प्रकार.

सहा टक्के उतारावर, घर्षण वजा जाता, त्वरण सुमारे ०.४ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण वीस सेकंदांत ताशी ३५ चे ६५ होतात. आमचे तसेच झाले. मित्राने ब्रेक दाबला. गाडी मंदावली, परंतु पुन्हा गिअर पडेना, वळण समोर आले, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या वेळी पेडल पहिल्यापेक्षा दोन बोटे खाली गेले आणि जळक्या वासाने केबिन भरून गेली. आम्ही कोणीच बोलत नव्हतो.

पेडल खाली का गेले? तेल उकळले नव्हते. ते आम्ही बदलले होते, आणि त्या एका दिवसाच्या कामाने आम्हांला वाचवले असे आजही वाटते. ड्रम तापून प्रसरण पावला होता. ब्रेकचे जोडे ड्रमच्या आतून बाहेरच्या दिशेने दाबतात. ड्रम फुगला की तो त्यांच्यापासून दूर पळतो, आणि पायाला तेवढे अंतर अधिक कापावे लागते. आजच्या डिस्क ब्रेकमध्ये चकती तापून जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळ येते. शिवाय ड्रममध्ये फिरता ड्रम जोड्याला स्वतःबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो. ही फुकटची मदत घर्षणावर अवलंबून असते. लायनिंग तापून घर्षण थोडे कमी झाले की मदतही कमी होते, आणि तोटा दुहेरी होतो. पायाने कितीही जोर लावला तरी गाडी थांबत नाही असे वाटते ते यामुळे.

सुदैवाने रस्त्याच्या कडेला एक रुंद जागा आली. उरलासुरला ब्रेक आणि हँडब्रेक एकदम लावून मित्राने गाडी तेथे घातली, आणि आम्ही उडी मारून चाकांखाली लाकडी ठोकळे अडकवले. ड्रमवर पाणी ओतावेसे वाटत होते, पण तापलेले बिडाचे लोखंड एकाएकी गार केले तर तडकते. पाऊण तास नुसते बसून राहिलो. पेडल आपोआप वर आले, कारण ड्रम आकसला. पुढचा सगळा घाट आम्ही पहिल्या गिअरने निघालो, दुसरा टाकलाच तर एकाने गिअरचा दांडा हाताने दाबून धरला, आणि ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा वेळ जोरात दाबून पुन्हा मोकळा सोडला, म्हणजे मधल्या वेळात ड्रमला हवा लागते. पोंचा स्प्रिंग्जला पोचायला सव्वा तास लागला.

आपल्याकडे हाच हिशेब वर्गात करून घेता येईल. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण ५५० मीटर उतरायचे. प्रवाशांनी भरलेली बस १५ टनांची धरा आणि किती लिटर पाणी उकळेल ते मुलांना काढू द्या. उत्तर २४० च्या आसपास यायला हवे. मग ती उष्णता कोठे जाते, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.

पुढे प्वेब्लो, डॉज सिटी, आणि कॅन्ससचे दोन दिवसांचे सपाट रान. तेथे सांगण्यासारखे काही घडले नाही. फक्त जुन्या बांधणीचे टायर रस्त्यातल्या प्रत्येक चरीमागे गाडी नेऊ पाहत. चौथ्या दिवशी संध्याकाळी लॉरेन्स आले.

आठवड्याने आम्ही ड्रम काढले. पुढच्या दोन्ही ड्रमच्या आतल्या बाजूस निळसर ठिपक्यांचा पट्टा उमटला होता. तापलेल्या लोखंडावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्याच्या जाडीनुसार पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग दिसतात. निळा रंग सुमारे ३०० अंशांना येतो. घाटात आमच्याजवळ तापमापक नव्हता, पण ड्रमने नोंद ठेवली होती. मित्राने त्यातला एक ड्रम प्रयोगशाळेतल्या खिडकीत ठेवला आणि गिअरबॉक्स उघडायला घेतला.