इंग्रजी वाक्यदुरुस्तीतील समांतर रचना व क्रियापदाचा काळ

इंग्रजी वाक्यदुरुस्ती हा भाषाविषयक परीक्षांमधील एक प्रश्नप्रकार असून त्यात दिलेल्या वाक्यातील दोष ओळखणे किंवा योग्य पर्याय निवडणे अपेक्षित असते. महाराष्ट्र लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग तसेच बँकांच्या भरती परीक्षांत हे प्रश्न विचारले जातात. समांतर रचना आणि क्रियापदाचा काळ हे यातील दोन महत्त्वाचे घटक होत. वर्धा जिल्ह्यातील आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराच्या चुका बहुधा अज्ञानातून होत नाहीत. मराठीची नियमबद्ध रचना इंग्रजीत जशीच्या तशी उतरल्याने त्या होतात.

इतिहास

चुकीची वाक्ये समोर ठेवून व्याकरण शिकविण्याची पद्धत जुनी आहे. रॉबर्ट लोथ यांनी १७६२ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात नामवंत लेखकांच्याही वाक्यांतील दोष दाखविले. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणाने ही पद्धत शाळांत रूढ केली. व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या जीमॅट या प्रवेश परीक्षेत वाक्यदुरुस्ती हा स्वतंत्र प्रश्नप्रकार होता; २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपातून तो वगळण्यात आला. भारतातील भरती परीक्षांत मात्र तो टिकून आहे.

समांतर रचना

उभयान्वयी अव्ययाने जोडलेले घटक व्याकरणदृष्ट्या एकाच जातीचे असावेत, हा समांतर रचनेचा नियम. ‘शी लाइक्स रीडिंग, रायटिंग अँड टू स्विम’ हे वाक्य सदोष आहे. शेवटी ‘स्विमिंग’ हवे. मराठीतही ‘तिला वाचायला, लिहायला आणि पोहणे आवडते’ हे कानाला खटकते, त्यामुळे ही चूक सहज सापडते.

अडचण येते ती जिथे मराठीची घडण वेगळी आहे तिथे. ‘तो घरी येऊन, जेवून झोपला’ या वाक्यात दोन ऊन-प्रत्ययान्त धातुसाधिते आणि एकच आख्यात आहे. त्याच्या प्रभावाखाली ‘ही केम होम, टेकिंग हिज मील अँड स्लेप्ट’ असे वाक्य तयार होते. इंग्रजीत तिन्ही क्रिया समान दर्जाच्या धरून ‘ही केम होम, टुक हिज मील अँड स्लेप्ट’ असे लिहावे लागते.

‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ या जोडीचे स्थान हा दुसरा अडसर. ‘तो कापूसच नव्हे तर संत्रीही पिकवतो’ या वाक्यात ‘च’ आणि ‘ही’ ज्या शब्दांवर भर आहे त्यांनाच चिकटतात. इंग्रजीत ही जबाबदारी शब्दक्रमावर येते. म्हणून ‘ही नॉट ओन्ली ग्रोज कॉटन बट ऑल्सो ऑरेंजेस’ याऐवजी ‘ही ग्रोज नॉट ओन्ली कॉटन बट ऑल्सो ऑरेंजेस’ हे रूप परीक्षेत योग्य मानले जाते. बोलताना पहिले रूप इंग्रजी भाषकही सर्रास वापरतात, ही गोष्ट वेगळी.

तुलनेतही समांतरता लागते. ‘वर्ध्याची लोकसंख्या आर्वीपेक्षा जास्त आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत लोकसंख्येची तुलना गावाशी होऊ शकत नाही, त्यामुळे ‘दॅन आर्वी’ न म्हणता ‘दॅन दॅट ऑफ आर्वी’ म्हणावे लागते.

क्रियापदाचा काळ

‘पैसे मी कालच दिले आहेत’ हे शुद्ध मराठी वाक्य आहे. त्याचे ‘आय हॅव पेड द मनी यस्टरडे’ हे भाषांतर अशुद्ध ठरते, कारण इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळासोबत भूतकाळातील निश्चित वेळ येत नाही. ‘आय पेड’ हवे. ‘मी काल आर्वीला गेलो होतो’ याचेही ‘आय हॅड गॉन’ होत नाही, साधा ‘आय वेन्ट’ पुरतो. ‘हॅड’ लागतो तो दोन भूतकालीन घटनांपैकी आधीची दाखविण्यासाठी: ‘द ट्रेन हॅड लेफ्ट बिफोर ही रीच्ड पुलगाव’. याउलट ‘तो दहा वर्षांपासून आर्वीत राहतो’ यातील साध्या वर्तमानाला इंग्रजीत ‘ही हॅज लिव्ह्ड इन आर्वी फॉर टेन यर्स’ असा पूर्ण काळ लागतो.

‘तो येईल तेव्हा’ यातील भविष्यकाळ इंग्रजीत ‘व्हेन ही कम्स’ असा वर्तमानात जातो. अप्रत्यक्ष कथनात मराठी मूळ काळ कायम ठेवते (‘तो म्हणाला की मला ताप आहे’), तर इंग्रजी सामान्यतः तो मागे सरकविते: ‘ही सेड दॅट ही हॅड फीवर’.

दोन्ही नियम एकत्र आल्यास

समांतर रचना म्हणजे सर्व क्रियापदे एकाच काळात, हा समज उमेदवारांत आढळतो आणि तो गुण घालवतो. पुलगाव–आर्वी हा अरुंद मापी रेल्वेमार्ग १९१७ मध्ये सुरू झाला. आता त्यावर गाडी धावत नाही. त्याविषयी ‘द लाइन वॉज ओपन्ड इन १९१७ अँड इज नाऊ क्लोज्ड’ हे वाक्य निर्दोष आहे. दोन्ही क्रियापदांची घडण सारखी आहे. काळ भिन्न आहेत, कारण वस्तुस्थितीच भिन्न काळातील आहे. येथे समानतेसाठी ‘वॉज नाऊ क्लोज्ड’ करणे ही नवी चूक ठरते. परंतु ‘द ट्रेन कॅरीड कॉटन फॉर डेकेड्स, सर्व्हज द व्हिलेजेस अँड स्टॉप्ड’ यातील ‘सर्व्हज’ मात्र बदलायलाच हवे: बंद पडलेली गाडी अजून गावांना सेवा देते असा त्याचा अर्थ होतो.