फ्लॉपी वाचते, मजकूर नाही

“ताई, तुमची फ्लॉपी उघडत नाही,” असा नाशिकहून फोन आला की मी आधी विचारायची, “वाचतच नाही, की वाचते पण कचरा दिसतो?” ही दोन दुखणी निरनिराळी. नव्वदच्या दशकात जव्हारला माझं डीटीपीचं दुकान होतं. मोखाड्याकडची निवेदनं, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका इथे टाइप व्हायच्या आणि छपाईला नाशिकला जायच्या. जिल्ह्याचं ठिकाण ठाणे होतं, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला; पण मोखाडा-त्र्यंबकमार्गे नाशिक आम्हाला सोयीचं. फ्लॉपी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची.

पहिलं दुखणं यंत्राचं. सव्वापाच इंची फ्लॉपी ३६० केबीची असे, नाहीतर १.२ एमबीची. ३६० चा ड्राइव्ह एका बाजूला ४० रुंद ट्रॅक लिहायचा, १.२ चा ८० अरुंद. नवा ड्राइव्ह जुनी फ्लॉपी सहज वाचायचा. घोटाळा व्हायचा तो त्याने तिच्यावर लिहिल्यावर. रुंद पट्ट्याच्या मधोमध नवा अरुंद पट्टा उमटे आणि कडेला जुनं लिखाण तसंच राही. मग ती फ्लॉपी जुन्या ड्राइव्हात घातली की त्याला दोन्ही एकदम ऐकू यायचं आणि तो अडायचा. साडेतीन इंचीत ७२० केबी आणि १.४४ एमबीमधला फरक ड्राइव्हला एका कोपऱ्यातल्या भोकावरून कळे. भोकावर चिकटपट्टी लावून १.४४ ची फ्लॉपी ७२० म्हणून खपवणारे बहाद्दरही होते. पण दोन्हींचा चुंबकी थर वेगळा, त्यामुळे ती फ्लॉपी कधी दगा देईल याचा नेम नसे. त्यात आमच्याकडचा पाऊस. पत्र्याची झडप सरकवून आतल्या तबकडीवर बुरशीचे ठिपके दिसले, तर ती ड्राइव्हात घालायचीच नाही; हेड खराब होऊन पुढच्या फ्लॉप्याही जायच्या.

मॅकवाल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. पीसीचा साडेतीन इंची ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे एकाच वेगाने घेतो. मॅकची जुनी ८०० केबीची फ्लॉपी बाहेरच्या ट्रॅकवर हळू आणि आतल्या ट्रॅकवर जोरात फिरायची, शिवाय खुणा मांडायची पद्धत निराळी. पीसीचा ड्राइव्ह ती वाचूच शकत नसे. १९८८ पासून मॅकमध्ये आलेले ड्राइव्ह मात्र पीसीची १.४४ वाचू लागले. उलटा प्रवास अवघडच राहिला. मॅकची फ्लॉपी विंडोजमध्ये घातली की पडद्यावर प्रश्न यायचा: फॉरमॅट केलेली नाही, करू का? घाईत ‘हो’ दाबलं की मजकूर गेलाच.

माझ्या मते मराठीला जास्त छळलं ते दुसऱ्या दुखण्याने. फाइल कॉपी व्हायची, उघडायची, पण पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाने फॉन्टच्या २५६ घरांत अक्षरांचे तुकडे आपापल्या सोयीने बसवलेले. एकाच्या घरात अर्धा ‘न’, तर दुसऱ्याच्या त्याच घरात मात्रा. आयएससीआयआय हे भारतीय मानक १९९१ साली ठरलं होतं, पण डीटीपीच्या फाइलींत बहुधा फॉन्टचे तुकडेच साठत. ‘विक्रमगड’ घ्या. अशा फाइलीत ऱ्हस्व वेलांटी आधी असते, ‘व’ नंतर, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ‘व’ आधी, वेलांटी मागून. म्हणून कन्व्हर्टरला नुसतं अक्षरापुढे अक्षर ठेवून भागत नाही, वेलांटी उचलून पलीकडे न्यावी लागते. जोडाक्षर आलं की तो हमखास घसरतो. यावर तेव्हा एकच भरवशाचा इलाज होता, पाकिटात फ्लॉपीसोबत छापील प्रत घालायची आणि तिच्यावर पेनाने फॉन्टचं नाव लिहायचं.

अजूनही कुणी संस्थेच्या घटनेची जुनी फ्लॉपी घेऊन येतं. साडेतीन इंचीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह पुरतो. मॅकच्या ८०० साठी मात्र चुंबकी बदल जसेच्या तसे टिपणारं ग्रीसविझलसारखं कार्ड आणि पीसीचा जुना ड्राइव्ह लागतो. त्या कार्डाने फाइल मिळते, फॉन्ट मिळत नाही. म्हणून आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा विचारते, “याची छापील प्रत घरात कुठे आहे का?”