म्हणींतले पाणी (भाग ५) : मघा ते स्वाती

पावसावरच्या मराठी म्हणी महिन्यांपेक्षा नक्षत्रांचीच नावे अधिक घेतात. चांद्र महिने अधिक मासामुळे मागेपुढे सरकतात. सूर्य मात्र दरवर्षी जवळजवळ त्याच तारखेला त्याच नक्षत्रात शिरतो आणि तिथे साधारण साडेतेरा दिवस राहतो. ७ जूनच्या सुमारास मृग लागते, २४ ऑक्टोबरच्या सुमारास स्वाती. पेरणी-कापणीचा हिशेब या अकरा नक्षत्रांवर बसला आहे.

जुलैतल्या पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि त्यामागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणतात. ऑगस्टच्या मध्याला मघा येतात. ‘पडल्या मघा तर चुलीपुढे हगा, नाही तर ढगाकडे बघा’ ही म्हण ग्राम्य खरी, पण नेमकी आहे. लागला तर घराबाहेर पाऊल टाकता येऊ नये असा पाऊस, नाही तर कोरडे आभाळ.

‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ ही भातकऱ्यांची म्हण. सप्टेंबरच्या उत्तरार्धात भात फुलोऱ्यात किंवा दाणा भरण्याच्या बेतात असते आणि तेव्हा खाचरात पाणी लागते. ते मिळाले तर भाताला कुत्रेही विटेल, इतके पीक. काही ठिकाणी हीच म्हण चित्रांच्या नावावर ऐकू येते. कुत्र्याशी यमक दोन्ही नक्षत्रांचे जुळते, आणि यमक जुळले की जवळजवळ महिन्याचा फरक कोणी मनावर घेत नाही.

मधले हस्त नक्षत्र म्हणजे बोलीतला हत्ती. भोंडल्यात पाटावर चितारतात तोच हा. ‘पडतील हत्ती, कोसळतील भिंती’ या म्हणीत परतीचा मोसमी पाऊस आहे: दुपारपर्यंत उकाडा, मग गडगडाट आणि तासाभराची झोड. आधीच्या तीन महिन्यांत भिजून फुगलेल्या मातीच्या भिंती त्यात बसत.

‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ या म्हणीमागे स्वातीच्या थेंबाचा शिंपल्यात मोती होतो हा जुना कविसंकेत आहे. सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात मात्र मोती म्हणजे शाळूचे टपोरे दाणे. रब्बीची ज्वारी तेव्हा कोवळी असते आणि ती पुढे जमिनीतल्या ओलीवरच वाढते. कोकणात ही म्हण उलटी पडते. तिथे ऑक्टोबरअखेर भात कापणीला आलेले असते आणि त्यावर पाऊस पडला तर दाण्याला कोंब फुटतात.

या म्हणींच्या वयालाही मर्यादा आहे. नक्षत्रांवर मोजलेले सौरवर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवस आणि हजार वर्षांत सुमारे एक नक्षत्र एवढा फरक पडतो. हजार वर्षांपूर्वी मघांत पडणारा पाऊस आज आश्लेषांत पडतो. तेव्हा आजच्या पीकपाण्याशी जुळणाऱ्या या म्हणी आहेत त्या रूपात गेल्या काही शतकांतल्याच असाव्यात, किंवा मूळ म्हणीतले नक्षत्र वापरता वापरता बदलले असावे.