विनोदी मालिकांतील गतकाळ आणि कालविपर्यास

चिं. वि. जोशी यांचे चिमणराव मराठी माणसाच्या घरी तीन वेळा आले. प्रथम ते १९३० च्या दशकात पुस्तकांतून आले. नंतर १९४० साली मास्टर विनायक यांच्या 'लग्न पहावे करून' या बोलपटातून आले. आणि पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस, दिलीप प्रभावळकर यांच्या रूपाने व बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊंना बरोबर घेऊन, ते मुंबई दूरदर्शनच्या पडद्यावर अवतरले. पहिल्या दोन भेटींत चिमणराव हे वाचक-प्रेक्षकांचे समकालीन होते. बोलपटातील कारकुनाच्या अंगावरचा पोशाख चित्रपटगृहाबाहेर पडताच रस्त्यावर पाहावयास मिळे. त्याच्या घरातील ताटवाट्या प्रेक्षकाच्या घरातल्यासारख्याच असत. तिसऱ्या भेटीच्या वेळी मात्र तो पोशाख वेषभूषा झाला होता आणि त्या ताटवाट्या नेपथ्य झाल्या होत्या. जे पूर्वी आपोआप खरे होते ते आता खरे करावे लागणार होते. कालविपर्यासाचा प्रश्न उद्भवतो तो या ठिकाणी.

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांना गतकाळाची ओढ जगभर दिसते. इंग्लंडात 'डॅड्स आर्मी' (१९६८–७७) ही मालिका दुसऱ्या महायुद्धातील गृहरक्षक दलावर रचली गेली. अमेरिकेत 'हॅपी डेज' (१९७४–८४) हिने १९५० चे दशक पुन्हा उभे केले. या मालिका पाहणाऱ्यांत एक वर्ग असा असतोच की, जो कथेकडे पाहण्याऐवजी भिंतीवरील दिनदर्शिका, मोटारीचा नमुना व रेडिओवरील गाणे यांची तारीख तपासीत बसतो. त्याला कोणी किरकोळ म्हणून हसतात. हे हसणे सर्वस्वी योग्य नव्हे; कारण त्याच्या आक्षेपांत क्षुल्लक व गंभीर असे दोन्ही प्रकारचे आक्षेप मिसळलेले असतात, आणि ते वेगळे करण्याचे काम समीक्षेने क्वचितच अंगावर घेतलेले आहे.

प्रथम वस्तूंचा विचार करू. १९३५ च्या सुमाराचे पुणे पडद्यावर उभे करावयाचे आहे असे समजा. दुकानावरील पाटी आजच्या शुद्धलेखनाने रंगविली की चूक झाली. कारण मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ सालचे आहेत आणि त्यापूर्वीची पाटी, पत्र वा वर्तमानपत्र अनुस्वारांनी भरलेले असे. स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टीलचे डबे मांडले की चूक झाली. ती भांडी मध्यमवर्गीय घरांत रुळली ती स्वातंत्र्योत्तर काळात, आणि त्यापूर्वी पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारा कल्हईवाला हा त्या घरांच्या जीवनातील एक आवश्यक इसम होता. रेडिओ लावून पुणे केंद्र ऐकविले की चूक झाली. मुंबईचे केंद्र १९२७ पासून असले तरी पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ चे. दाणेवाल्याने किलो म्हटले, वाण्याने नवा पैसा परत दिला, की चूक झाली. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासूनची. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, अशा १९२ पैंच्या हिशेबाने संसार चाले.

या यादीतील बहुतेक चुका क्षम्य आहेत. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये रोमन लोकांना घड्याळाचे ठोके ऐकू येतात, म्हणून त्या नाटकाची शोकात्मता उणावत नाही. चुकीची पाटी तीन क्षण दिसते व जाते. शिवाय १९७० च्या दशकातील दूरदर्शनचा पडदा कृष्णधवल होता; रंगीत प्रक्षेपण आले ते १९८२ साली. लुगड्याच्या रंगाची किंवा भिंतीच्या गिलाव्याची परीक्षा होण्याचा संभव त्या काळी नव्हताच. वस्तूंच्या अचूकतेचा आजचा आग्रह बऱ्याच अंशी पडद्याच्या स्पष्टतेने निर्माण केलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

परंतु याच यादीतील काही वस्तू अशा आहेत की, ज्यांच्यावर विनोदाची इमारत उभी असते. 'दख्खनची राणी' ही आगगाडी घ्या. ती १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर सुरू झाली, तेव्हा तिला पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसरा वर्ग जोडला गेला तो १९५५ साली. आता १९३५ मधील एखादा कारकून सहकुटुंब, बिछान्याच्या वळकट्या व लोणच्याची बरणी घेऊन, या गाडीच्या तिसऱ्या वर्गात शिरतो असे दाखविले, तर येथे घडलेली चूक ही केवळ एका डब्याची नव्हे. ती गाडी फलाटावर उभी आहे, तिच्या खिडक्या स्वच्छ आहेत, आणि हे कुटुंब मात्र तिच्या समोरून दुसऱ्या गाडीकडे जात आहे, मुले मागे वळून पाहत आहेत व कुटुंबप्रमुख त्या गाडीत कसे आजार जडतात हे मुलांना समजावून सांगत आहे — विनोद या ठिकाणी होता. तिसरा वर्ग देऊन लेखकाने कुटुंबाला गाडीत बसविले आणि विनोद फलाटावर सोडला.

हीच गोष्ट निरोपांची. ज्या घरात दूरध्वनी नाही, त्या घरी पाहुणा न कळविता येतो. त्याचे पत्र त्याच्या मागाहून येते. वेळेचीही तीच गोष्ट. देशाची प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली असताही मुंबईची नगरपालिका १९५५ पर्यंत स्वतःची वेळ पाळीत होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. एकाच शहरात दोन घड्याळे, दोन्ही बरोबर! विनोदकाराला याहून मोठी देणगी ती कोणती? जुन्या काळाचा विनोद हा त्या काळाच्या अडचणींतून उगवलेला असतो. अडचण काढून घेतली की माणसे उगीचच धांदरट दिसू लागतात, आणि प्रेक्षक त्यांना हसण्याऐवजी त्यांची कीव करू लागतो.

तथापि सर्वांत गंभीर विपर्यास वस्तूंतही नसतो व अडचणींतही नसतो. तो दृष्टीत असतो. चिमणरावांना चिं. वि. जोशी हसले ते चिमणराव जुने होते म्हणून नव्हे, तर ते आजचे होते म्हणून. त्यांचा भित्रेपणा, साहेबापुढील लाचारी, घरातल्या घरात गाजविलेला अधिकार, सुधारणेविषयीचे बोलणे आणि वागणे यांतील अंतर, ही सर्व लेखकाच्या व वाचकाच्या स्वतःच्या वर्गाची लक्षणे होती. तो विनोद आरशासारखा होता; आणि बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या त्या शांत विद्वानाने तो आरसा अशा बेताने धरला होता की, पाहणाऱ्याला राग येण्यापूर्वी हसू यावे. चाळीस वर्षांनंतर त्याच चिमणरावांकडे पाहताना प्रेक्षकाच्या मनात निराळाच भाव उत्पन्न होतो. ते किती साधे होते, घरे किती भरलेली होती, काऊ, मोरू, मैना आणि राघू यांचा तो संसार किती गोड होता! उपहासाचे वात्सल्यात रूपांतर होते. पगडीपासून पादत्राणापर्यंत सर्व काही बरोबर असूनही हा स्वर बदलला, की कलाकृतीचा काळच बदलतो. मराठीत रूढ झालेल्या 'स्मरणरंजन' या शब्दातील 'रंजन' हा अर्धा भाग या बाबतीत फार बोलका आहे.

रंजनाचे मुख्य साधन म्हणजे वगळणे. १९३० च्या दशकातील ब्राह्मणी वाड्यावर मालिका रचताना अंगण येते, तुळशीवृंदावन येते, पाणी तापविण्याचा बंब येतो; केशवपन केलेली आत्या येत नाही. पंगत येते, पण पंगतीबाहेर कोण बसविले गेले ते येत नाही. पत्नी नवऱ्याचे नाव घेत नाही हे गोडव्याने येते, परंतु त्याच घरात तिला चार आणेही विचारून खर्चावे लागतात हे येत नाही. जे दाखविले त्यातील प्रत्येक वस्तू अस्सल असते, म्हणून वस्तूंच्या तारखा तपासणारा प्रेक्षक येथे हार खातो. त्याच्या वहीत नोंद करण्यासारखे काहीच सापडत नाही. उलट, आजच्या लेखकाला या वगळण्याची टोचणी लागली म्हणजे तो १९३५ मधील गृहिणीच्या तोंडी आजचे समतेचे भाषण घालतो. तोही विपर्यासच होय. त्या काळच्या स्त्रीजवळ बंडाची भाषा नव्हती असे नाही. पण ती भाषा मौनाची, अबोल्याची, आमटीत पडलेल्या जास्त मिठाची होती, आणि तीतच तिचा विनोद होता.

येथे एक आक्षेप संभवतो. कालविपर्यास हा नेहमीच दोष असतो काय? भारतीय काव्यशास्त्राने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेविले आहे. देश, काल, कला, लोक, न्याय व आगम यांच्याशी विरोध हा काव्यदोष म्हणून भामह व दंडी या दोघांनीही गणला. पण दंडीने त्याच ठिकाणी असेही म्हटले की, कवीच्या कौशल्याने हा विरोध कधी कधी दोषांच्या गणनेतून सुटून गुणांच्या वाटेला लागतो. मराठी रंगभूमीला हे सांगण्याची गरज नाही. तमाशातील गौळणीत कृष्ण मथुरेच्या वाटेवर गोपींना अडवितो आणि मावशी त्याला कालपरवाच्या भानगडी ऐकविते. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या लोकनाट्यात राजा, प्रधान व कोतवाल यांच्या दरबारात आजचा कारभार वावरतो. येथे काळाची सरमिसळ उघड आहे. सोंगाड्या व प्रेक्षक या दोघांनाही ती ठाऊक आहे, आणि हसू नेमके त्या ठाऊक असण्यातून येते. अमेरिकेतील 'मॅश' (१९७२–८३) या मालिकेने १९५०–५३ च्या कोरियन युद्धाची कथा अकरा हंगाम सांगितली, म्हणजे युद्धाहून मालिका कितीतरी अधिक काळ चालली. पण ती सुरू झाली तेव्हा तिच्या प्रेक्षकांच्या मनात व्हिएतनामचे चालू युद्ध होते. 'द गोल्डबर्ग्ज' (२०१३–२३) हिने तर आपली कथा '१९८० आणि काहीतरी' या सालात घडते असे सांगून वर्षाचा प्रश्नच निकालात काढला. जो विपर्यास स्वतःला जाहीर करतो तो खेळ असतो. जो स्वतःला स्मृती म्हणवितो त्याच्याकडेच संशयाने पाहावयाचे.

स्मृती म्हणविणारा हा विपर्यास महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजाच्या बाबतीत अधिकच सूक्ष्म रूप धारण करतो. भिलाई-दुर्ग परिसरातील मोहन नगरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबावर, १९७८ सालात घडणारी विनोदी मालिका आज कोणी लिहावयास घेतली असे कल्पावे. लेखक बहुधा पहिल्याच भागात त्या कुटुंबाला दूरचित्रवाणीसमोर बसवील व चिमणराव पाहावयास लावील. मराठी घराची खूण म्हणून याहून सोयीचे दुसरे काय आहे? परंतु मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण त्या वेळी मुंबईच्या आसमंतात व १९७३ पासून पुण्याकडे पोहोचत होते. भिलाईस ते दिसणे शक्य नव्हते. याउलट, त्याच भागातील एखाद्या खेड्यात १९७५ साली लोक चावडीपुढे बसून दूरचित्रवाणी पाहत आहेत असे दाखविले, तर प्रेक्षक ते थाप म्हणून झटकून टाकतील. आणि तरी ते खरे आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाच्या साहाय्याने जो शैक्षणिक प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला, त्यात रायपूरकडील खेडी होती. देशातील अनेक मोठ्या शहरांआधी त्यांनी हा पडदा पाहिला. सत्य विपर्यासासारखे दिसावे व विपर्यास सत्यासारखा, असा हा प्रसंग आहे.

अशा मालिकेत इतरही फसव्या जागा पुष्कळ आहेत. पत्रावर 'छत्तीसगढ राज्य' लिहिता येणार नाही. ते राज्य १ नोव्हेंबर २००० चे, तेव्हा मध्य प्रदेशच लिहावयास हवे. कथेतील वडिलांच्या आठवणींत राजनांदगाव जिल्हा येणार असेल, तर तो १९७३ पूर्वी दुर्ग जिल्ह्यातच होता हे ध्यानी ठेवावे लागेल. पोलादाच्या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली; तेव्हा त्या भट्टीवर 'आजोबांपासून' नोकरी करीत आलेले कुटुंब १९७८ मध्ये असू शकत नाही. पण या सर्वांहून अवघड प्रश्न आजीच्या बोलण्याचा आहे. तिच्या तोंडी सदाशिव पेठेची मराठी घातली, तर सारे सनावळीनुसार बिनचूक असूनही ती बाई खोटी होईल. जी मराठी नागपूरकडून रायपूरकडे आली, जिला हिंदीचा व छत्तीसगढीचा रोजचा शेजार लाभला, जी दारातल्या पोराला 'काय करून राहिला रे?' असे विचारते आणि भाजीवालीशी बोलताना अर्ध्या वाक्यात भाषा बदलते, ती मराठी मुंबई-पुण्याच्या लेखकाच्या कानावर सहसा पडलेली नसते. आणि त्या आजीचा विनोद सगळा त्या अर्ध्या वाक्यात आहे.